फूडव्हॅनला ऑनिंग लावताय? पत्र्यात स्क्रू मारू नका, सांगाडा शोधा

पावसाळा सरला की गणपतीपुळे, आरे-वारे, भाट्ये, गुहागर, मुरुड-कर्दे या सगळ्या किनारपट्टीला रस्त्याकडेच्या गाड्या वाढायला लागतात. वडापाव, चहा, कोकम सरबत, सीझनला आंबा. पूर्वी हातगाडी आणि वर चार बांबूंवर ताडपत्री एवढंच असायचं. आता छोटा हत्ती किंवा जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिच्यावर बॉडी बांधून घेतात आणि आपल्याच गावातली पोरं धंदा करतात. राज्य सरकारचं २०२१ चं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आल्यापासून झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्यांबद्दलही विचारणा होते. या सगळ्या गाड्यांना एक गोष्ट लागतेच, ती म्हणजे बाजूच्या भिंतीतून बाहेर येणारं कापडी छत. बाजारात त्याला ऑनिंग म्हणतात. कोणी शेड म्हणतं, कोणी नुसतं छत.

ऑनिंग विकत आणणं सोपं आहे. ते गाडीच्या भिंतीला असं बसवणं, की दोन वर्षांनीही तिथंच राहील, हे मात्र बऱ्याच ठिकाणी जमलेलं दिसत नाही. चार स्क्रू मारले, वरून सिलिकॉन फासलं, झालं काम. पहिला महिना काही होत नाही. मग स्क्रूचं भोक हळूहळू लांबट होतं, ब्रॅकेट हलायला लागतं, भोकातून पाणी आत शिरतं आणि एखाद्या दुपारी वारा आला की अख्खं ऑनिंग पत्र्याचा तुकडा घेऊन निघतं. खाली गिऱ्हाईक बसलेलं असतं आणि शेजारी उकळत्या तेलाची कढई असते. म्हणून हा विषय नुसत्या नटबोल्टचा नाही.

वारा किती ओढतो?

साधं गणित करून बघू. ऑनिंग ८ फूट लांब आणि ६ फूट बाहेर येणारं धरा, म्हणजे ४८ चौरस फूट. ताशी २० किलोमीटर वाऱ्यात या कापडावर साधारण ८ किलोचा जोर येतो. वारा ४० चा झाला की तोच जोर सुमारे ३४ किलो होतो आणि ६० ला ७५ किलोच्या आसपास जातो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. लोक फसतात ते इथेच. सकाळी मस्त वाटणारं छत दुपारी का फडफडतं, त्याचं उत्तर यात आहे.

आता ३४ किलो म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण तो जोर भिंतीपाशी नसतो. तो कापडाच्या मध्यावर, भिंतीपासून तीन फूट बाहेर असतो. भिंतीवरचं ब्रॅकेट जेमतेम अर्ध्या फुटाचं. पहारीने चिरा उचकटताना काय करतो आपण? लांब टोकाला थोडा जोर लावतो आणि आखूड टोकाला दगड उचलला जातो. इथेही तेच होतं. बाहेर पाय नसलेल्या, नुसत्या हातांवर तोललेल्या ऑनिंगमध्ये त्या ३४ किलोचे भिंतीवरच्या बोल्टवर २०० किलोपेक्षा जास्त होतात. वारा खालून वर उचलत असेल तर ब्रॅकेटचे खालचे बोल्ट ओढले जातात, कापडावर पाणी साचलं तर वरचे. त्यामुळे वरचे दोन पक्के आणि खालचे नावापुरते, हा कारभार चालत नाही.

याच ऑनिंगच्या बाहेरच्या कडेला दोन पाय दिले आणि ते जमिनीला बांधले, की अर्धा भार तिकडे जातो आणि भिंतीवर साधारण १७ किलो उरतात. दोनशेचे सतरा! आपल्या जुन्या घरांच्या पडवीला बाहेरच्या बाजूने खांब असतातच. नुसत्या भिंतीच्या जिवावर पडवी सोडायची नाही, हे आपल्या सुताराला न शिकवता ठाऊक होतं. गाडीच्या ऑनिंगला पाय जोडायची सोय असेल तर ते पाय रोज लावा. गिऱ्हाइकांच्या पायात येतात म्हणून काढून ठेवू नका.

आधी भिंत ओळखा

गाडीची भिंत बाहेरून सपाट आणि मजबूत दिसते. आत मात्र ती तीन-चार प्रकारची असू शकते आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा.

सगळ्यात जास्त दिसते ती लोखंडी चौकोनी पाइपच्या सांगाड्यावर पत्रा मारलेली बॉडी. पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून पातळ. एवढ्या पातळ पत्र्यात स्क्रूच्या आट्यांना धरायला जागाच नसते. एखादी आटी पकडते, आणि गाडी खड्ड्यातून दोनदा आपटली की तीही सुटते. पॉप रिव्हेटचं तेच. रिव्हेट पत्र्याला पत्रा जोडायला चांगला, छत टांगायला नव्हे. जोर पेलणार तो आतला पाइप.

दुसरी भिंत एसीपी शीटची. दुकानांच्या पाट्यांना वापरतात तीच. चमकते छान, पण बाहेर-आत अॅल्युमिनियमचा अगदी पातळ पापुद्रा आणि मध्ये प्लास्टिक. तिला स्वतःची ताकद जवळपास नाही. तिसरी पफ पॅनेलची, म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये फोम. गाडी आत थंड राहते म्हणून हल्ली बरेच जण घेतात. हिच्यात आरपार बोल्ट टाकून पान्याने आवळला की फोम दबतो, पत्रा आत बसतो, आणि आपल्याला वाटतं बोल्ट घट्ट झाला. महिन्याभरात तो सैल असतो. यावर उपाय सोपा आहे. पॅनेलच्या जाडीएवढा पोकळ पाइपचा तुकडा कापून भोकात घालायचा आणि बोल्ट त्यातून न्यायचा. म्हणजे आवळलेला जोर पाइपच्या तुकड्यावर येतो, फोमवर नाही. जुन्या कंपनी-बॉडीच्या गाड्यांना आतून पत्र्याच्या घड्या घातलेल्या फासळ्या असतात. तिथे फासळीच शोधायची.

सांगाडा शोधायचा कसा? बोटाच्या पेराने ठोकत जा. पोकळ आवाज बदलून भरीव झाला की आत पाइप आहे. पत्र्यावरच्या रिव्हेटची किंवा स्क्रूची सरळ रांग दिसली तर बहुतेक त्या रांगेमागेच पाइप असतो. एसीपी आणि अॅल्युमिनियमला लोहचुंबक चिकटत नाही, त्यामुळे चांगला ताकदीचा चुंबक फिरवला आणि एका रेषेत ओढ जाणवली तर मागे लोखंड आहे असं समजा. लोखंडी पत्र्यावर ही युक्ती अर्थातच चालणार नाही, तिथे सगळीकडेच चिकटेल.

पण खरं सांगायचं तर शोधाशोधीची वेळ येऊच देऊ नये. गाडी नव्याने बांधून घेत असाल तर पत्रा मारायच्या आधी फॅब्रिकेटरकडे जा आणि सांगा, या उंचीवर मला ऑनिंग लावायचंय, इथे एक आडवा पाइप जास्तीचा दे. ब्रॅकेट जिथे येणार तिथे पाच मिलिमीटर जाडीची प्लेट वेल्ड करून घ्या. आणि उघड्या सांगाड्याचे मोबाइलवर फोटो काढा, टेप लावून, म्हणजे कुठला पाइप किती उंचीवर आहे ते दिसेल. वायर आणि गॅसची नळी कुठून गेली तेही त्या फोटोत येऊ द्या. नंतर ड्रिल चालवताना हे फोटो सोन्यासारखे उपयोगी पडतात.

जुन्या गाडीत ड्रिल करण्याआधी मात्र आतून बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. सिलिंडरचा कॉक बंद करून सिलिंडर गाडीबाहेर ठेवा, बॅटरीची वायर काढा. भिंतीच्या आत गॅसची नळी कुठून गेलीय हे कळत नसेल तर त्या जागी भोक पाडूच नका.

बसवताना

भरवशाची पद्धत एकच आहे. आरपार बोल्ट, आणि आतल्या बाजूला पट्टी. ५० मिलिमीटर रुंद आणि पाच मिलिमीटर जाड लोखंडी किंवा स्टीलची पट्टी घ्या, शक्यतो दोन उभ्या पाइपना पोचेल एवढी लांब. बाहेरून ब्रॅकेट, मध्ये भिंत, आतून पट्टी, आणि नट त्या पट्टीवर. आता वाऱ्याने ओढलं तर त्याला पट्टी पाइपसकट ओढावी लागेल. सुट्या वॉशरचा आधार बोटभर जागेचा, पट्टीचा हातभर जागेचा. बोल्ट आठ मिलिमीटरचे, आणि नट नायलॉक. साधा नट आपल्या रस्त्यांवर टिकत नाही.

पाइपमधूनच आरपार बोल्ट नेत असाल तर पाइपच्या भिंती आवळून चेपणार नाहीत याची काळजी घ्या. पफ पॅनेलला सांगितलेली पोकळ तुकड्याची युक्ती इथेही चालते.

खुणा करताना पाण्याच्या लेव्हलवर विसंबू नका. गाडी टायरवर उभी असते, एका चाकात हवा कमी असली तरी ती कलते आणि लेव्हल फसवते. छताच्या कडेपासून खाली टेपने माप घ्या, दोन्ही टोकांना सारखं. दरवाजा पूर्ण उघडतो का, विक्रीच्या खिडकीची वर उचलायची फळी ऑनिंगला अडकते का, हे भोक पाडायच्या आधी बघायचं. आधी बारीक बिटने भोक, मग साडेआठचा बिट. भोकाच्या कडेचा बुरा घासून काढा आणि उघड्या लोखंडाला लगेच प्रायमर लावा. समुद्राकाठी उघडं लोखंड एका रात्रीत तांबडं होतं, हे तुम्हाला कोणी सांगायला नको.

त्या विक्रीच्या फळीबद्दल एक शब्द. तीच पुढे ओढून तिला ताडपत्री किंवा हिरवी नेट बांधायची सवय सगळीकडे दिसते. तिच्या बिजागऱ्या आणि गॅसचे दांडे फक्त त्या फळीचं वजन उचलायला असतात. वाऱ्याने ताडपत्री भरली की बिजागरीच उपटते.

पाणी आत जाऊ नये म्हणून ब्रॅकेटच्या मागे ब्यूटाइल टेप किंवा पीयू सीलंट वापरा. साधं स्वस्त सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते लोखंडी आणि गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला लावू नका. वाळताना त्यातून आम्ल सुटतं आणि झाकलेल्या जागीच गंज धरतो. बाहेरून सगळं पांढरं स्वच्छ आणि आतून पत्रा खाल्लेला. ब्रॅकेट किंवा रूळपट्टीच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडा बंद करा, खालची कड उघडी सोडा. चुकून पाणी शिरलंच तर त्याला बाहेर पडायला वाट हवी.

बोल्ट कोणते, हा प्रश्न आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीपेक्षा जास्त महत्त्वाचा. झिंक चढवलेले चकचकीत बोल्ट खाऱ्या हवेत लवकर गंजतात. ३०४ ग्रेडचे स्टेनलेस घ्या. गाडी कायम किनाऱ्यालाच उभी राहणार असेल तर ३१६. भिंत किंवा ब्रॅकेट अॅल्युमिनियमचं असेल तर स्टेनलेस बोल्ट आणि अॅल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर घाला. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, असं झालं की अॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झिजत जातं.

सगळं आवळून झालं की प्रत्येक नटावरून पट्टीपर्यंत ऑइल पेंटची एक सरळ रेघ मारा. पुढे कधीही नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते, पान्याने चाचपायची गरज नाही. मग एकाने ऑनिंग उघडून बाहेरची कड हाताने वरखाली हलवायची आणि दुसऱ्याने आत पट्टीवर बोट ठेवायचं. पट्टी हलल्याचं बोटाला कळलं, तर काम अर्धवट आहे.

वाळू, कातळ आणि दुपारचा वारा

पाय जमिनीला बांधायचे म्हटलं तर आपल्याकडे दोन अडचणी. किनाऱ्याजवळ वाळू, तिच्यात खुंटी धरत नाही. वर सड्यावर कातळ, त्याच्यात खुंटी शिरत नाही. वाळूत गोणीत वाळू भरून, तिला दोरी बांधून, गोणी फूट-दीड फूट पुरा. कातळावर २० लिटरचे पाण्याचे कॅन चालतात. एक भरलेला कॅन म्हणजे २० किलो. वर सांगितलेल्या मापाच्या ऑनिंगला प्रत्येक पायाशी एक कॅन ४० च्या वाऱ्याला पुरतो. ६० च्या वाऱ्याला तो अगदी काठावर येतो. तेवढा वारा सुटेपर्यंत ऑनिंग उघडं ठेवायचंच नाही. ओळखायचं कसं? हातात छत्री धरणं कठीण जायला लागलं, की वारा ४० च्या आसपास गेला असं समजा आणि गुंडाळायला घ्या.

उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून जमिनीकडे खारा वारा सुटतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरीही गाडी उभी करताना ऑनिंग समुद्राकडे उघडतात, कारण गिऱ्हाइकाला समुद्र बघायचा असतो. तो वारा थेट कापडाखाली शिरतो. जागा असेल तर ऑनिंग जमिनीच्या बाजूला, म्हणजे पूर्वेला ठेवा. गाडीची बॉडीच वारा अडवते. वर दुपारनंतर ऊन पश्चिमेचं, त्यामुळे गाडीची स्वतःची सावलीही त्याच बाजूला पडते. समुद्र दाखवायचाच असेल तर गाडीचं तोंड समुद्राकडे करा, म्हणजे वारा ऑनिंगच्या बाजूने निघून जाईल आणि गिऱ्हाइकाला मान वळवली की लाटा दिसतील.

पाण्याचं ओझं लोकांच्या लक्षात येत नाही. ४८ चौरस फुटांवर सरासरी एक इंच पाणी साचलं तर ते ११३ किलो होतं. वळवाच्या सरीत ताणलेलं नसलेलं कापड मध्येच पोट धरतं, आणि पोट धरलं की आजूबाजूचं पाणीही तिथेच येतं. उतार चांगला द्या, आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा अर्धा फूट खाली ठेवा, म्हणजे पागोळी एकाच कोपऱ्यातून पडेल. तो कोपरा गिऱ्हाइकांच्या बाजूचा नको एवढं बघा.

शेगडी आणि कढई ऑनिंगच्या कापडाखाली नको. प्लास्टिकचा थर दिलेलं कापड वाऱ्याने खाली लोंबलं आणि ज्योतीला लागलं तर पेटतं, आणि वितळलेलं खाली पडतं.

चालत्या गाडीत ऑनिंग पूर्ण गुंडाळून, वरून पट्ट्याने आवळूनच न्यायचं. गाडी ६० च्या वेगाने चालली की ऑनिंगला ६० चा वारा लागतो, बाहेर झाडाचं पान हलत नसलं तरी. आंबा घाट किंवा कुंभार्ली उतरून आलात तर खाली आल्यावर पेंटच्या रेघा एकदा बघा. मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांतून आलात तरी बघाच.

कागदाचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलंय त्यापेक्षा गाडीत बदल करायचा तर मंजुरी लागते आणि मंजुरीशिवाय केला तर दंडाची तरतूद आहे. मूळ मालवाहू गाडीवर फूडव्हॅनची बॉडी बांधताना रत्नागिरीच्या आरटीओत जावंच लागतं, तेव्हाच ऑनिंगचाही विषय काढा. गुंडाळलेलं ऑनिंग गाडीच्या बाजूला किती बाहेर येतं, ते माप सोबत न्या.

होमस्टेवाले विचारतात, हेच ऑनिंग चिऱ्याच्या भिंतीला चालेल का. चालेल, पण जांभा सच्छिद्र असतो, काही ठिकाणी हाताने भुगा निघेल इतका मऊ. आत फुगून धरणारे अँकर बोल्ट त्यात ठोकले तर चिरा कडेने फुटतो किंवा बोल्ट काही दिवसांनी सैल पडतो. इथेही आरपार लांब बोल्ट आणि आतून पट्टी हाच रस्ता. भोक चिऱ्याच्या मधोमध घ्या, सांध्यात नको.

३ जून २०२० ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडमध्ये घरांची छपरं उडवली, आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याने वर सरकलं. ताशी १०० च्या वाऱ्यात आपल्या हिशोबातल्या ऑनिंगवर २०० किलोच्या पुढे जोर येतो. तो कुठल्याही गाडीच्या भिंतीने पेलावा अशी अपेक्षाच धरू नये. हवामान खात्याचा इशारा आला की ऑनिंग गुंडाळून भागत नाही, उतरवून घरात न्यायचं. मृगाच्या आधी तर तसंही उतरवावंच लागतं. गोड्या पाण्याने मीठ धुवून, कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवून मग गुंडाळा, नाहीतर गणपतीत उघडाल तेव्हा बुरशीचे काळे ठिपके दिसतील. आणि ऑनिंग काढल्यावर भिंतीतली भोकं उघडी ठेवू नका. तेच बोल्ट, वॉशर आणि थोडं सीलंट लावून परत घट्ट बसवून ठेवा, म्हणजे पावसाळाभर पाणी आत जाणार नाही आणि दिवाळीला बोल्ट शोधत फिरावं लागणार नाही.